ऑनलाइन साठवलेल्या कागदपत्राची जुनी प्रत परत कशी मिळवाल?

शिष्यवृत्तीचे नूतनीकरण, अर्जाची फेरपडताळणी किंवा नामंजूर अर्जावरील तक्रार अशा वेळी काही कार्यालये मागच्या वर्षी अर्जाला जोडलेलाच उत्पन्नाचा दाखला मागतात. अर्जात भरलेली रक्कम त्याच दाखल्याशी जुळवून पाहायची असल्यामुळे नवा दाखला तिथे चालत नाही. अनेक लाभार्थी मात्र नवा दाखला हाती येताच तो गुगल ड्राइव्हवर जुन्याच्या जागी अपलोड करतात आणि जुना दिसेनासा होतो. तो लगेच पुसला जात नाही, पण परत मिळवण्यासाठी वेळ थोडाच असतो.

जुनी आवृत्ती कुठे सापडेल?

संगणकावर एकाच नावाची फाइल पुन्हा अपलोड केली की ड्राइव्ह विचारते: जुनीच्या जागी ठेवायची की दोन्ही ठेवायच्या? पहिला पर्याय निवडला असेल, तर जुना दाखला त्याच फाइलची मागील आवृत्ती म्हणून राहतो. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडा, फाइलवर माउसचे उजवे बटण दाबा, फाइलच्या माहितीत जा आणि 'मॅनेज व्हर्जन्स' निवडा. तारखेनुसार आवृत्त्यांची यादी दिसेल. हवी त्या आवृत्तीसमोरील तीन ठिपक्यांवर क्लिक करून ती डाउनलोड करा आणि वेगळ्या नावाने पुन्हा अपलोड करा. जुनी हवी म्हणून नवी आवृत्ती पुसू नका. पुढच्या अर्जाला तीच लागणार आहे.

पीडीएफ किंवा फोटोसारख्या फाइलची जुनी आवृत्ती 30 दिवसांनंतर, किंवा 100 आवृत्त्या साठल्यावर, आपोआप काढली जाऊ शकते. त्याच तीन ठिपक्यांत 'कीप फॉरएव्हर' हा पर्याय आहे. तो निवडल्यास ती आवृत्ती या मुदतीत पुसली जात नाही. बचत गटाचा हिशेब गुगल शीट्समध्ये ठेवत असाल तर 'फाइल' मेनूतील 'व्हर्जन हिस्टरी' पाहा. कोणी कधी काय बदलले ते तिथे दिसते आणि पूर्वीची आवृत्ती तिथल्या तिथे परत आणता येते.

फाइलच पुसली गेली असेल तर?

ड्राइव्हमधून काढलेली फाइल 30 दिवस 'ट्रॅश'मध्ये असते. तिथून 'रिस्टोअर' करा. मोफत जागा 15 जीबी असते आणि त्यातच जीमेल व गुगल फोटोही येतात. म्हणून जागा भरल्याचा संदेश आला की घाईत ट्रॅश रिकामे केले जाते. त्याआधी एकदा आत डोकावून पाहा. दाखल्याने अडवलेली जागा किरकोळ असते, खरी जागा व्हिडिओ खातात.

डिजिलॉकरचे काय?

इथे गोष्ट वेगळी आहे. आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका अशी 'इश्यूड' कागदपत्रे थेट देणाऱ्या विभागाच्या नोंदीतून येतात आणि कायद्याने मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात. ती यादीतून निघून गेली तर शोधून पुन्हा घेता येतात. पण विभागाच्या नोंदीत पत्ता किंवा नाव बदलले असेल, तर नव्याने घेतलेल्या प्रतीत बदललेलीच माहिती असेल. म्हणून आधारमध्ये दुरुस्ती करण्यापूर्वी जुन्या तपशिलाची पीडीएफ वेगळी उतरवून ठेवा. तुम्ही स्वतः डिजिलॉकरमध्ये अपलोड केलेल्या फाइलची जुनी आवृत्ती तिथे मिळेल असे धरून चालू नका.

सर्वात खात्रीचा उपाय साधा आहे: नावातच वर्ष घाला, जसे 'उत्पन्न दाखला 2024-25', आणि दरवर्षी नवी फाइल करा. सेवा केंद्रातील संगणकावर हे काम केले असेल, तर डाउनलोड झालेली प्रत पुसून खात्यातून लॉगआउट करा. पासवर्ड आणि ओटीपी केंद्रचालकालाही सांगू नका, स्वतः टाइप करा.

मुदत उलटून गेली असेल, तर जुन्या अर्जाची पोचपावती काढा. त्यावर दाखल्याचा क्रमांक किंवा अर्ज क्रमांक असल्यास तो घेऊन दाखला देणाऱ्या कार्यालयात दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. योजनेच्या पोर्टलवर लॉगिन करून जुना अर्ज उघडता येतो का, तेही आधी तपासा. काही पोर्टलवर जोडलेली कागदपत्रे तिथूनच उतरवता येतात.