पोलंडात ‘बोली’ म्हणजे दुखणं
– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दर अंकात लागण, खोडवा आणि हुमणी यांवर लिहितो. या वेळचा विषय जरा लांबचा आहे, पण आपल्याच घरातला आहे. कार्यक्षेत्रातील एका सभासदांची मुलगी पोलंड देशात डॉक्टरकी शिकते. सुट्टीत आली तेव्हा वडिलांबरोबर ऊसनोंदीसाठी गट ऑफिसला आली होती. तिने जे सांगितलं ते पालकांनी ऐकण्यासारखं आहे.

पोलंड आपल्याला अगदीच परका नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका-मुलं होती. आता आपली मुलं तिकडे जातात. वॉर्सा, क्राकूफ, लुब्लिन अशा शहरांत सहा वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकता येतो. ‘इंग्रजीतून’ म्हटलं की पालक निश्चिंत होतात. पण वर्ग इंग्रजी असला तरी वॉर्डातला पेशंट पोलिशच बोलणार!

मुलीने प्रथम गमतीचे शब्द सांगितले. ‘ताक’ म्हणजे होय. ‘न्ये’ म्हणजे नाही. ‘लेकी’ म्हणजे औषधं. आणि ‘बोली’ म्हणजे दुखतं! आम्ही सगळे हसलो. मग ती गंभीर झाली.

“काका, माझी एक चूक झाली. एका आजीबाईंचं पोट तपासत होते. उजव्या बरगडीखाली दाबून विचारलं, ‘चि तू बोली?’ म्हणजे, इथं दुखतं का? त्या म्हणाल्या, ‘नो’. मी कागदावर लिहिलं, दुखत नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तिथंच दाबलं, तेव्हा आजीबाई कळवळल्या. पोलिश लोकांच्या बोलण्यातला ‘नो’ म्हणजे आपला ‘हो ना’! नाही म्हणायला त्यांच्याकडे ‘न्ये’ आहे. हिच्या कानाने मात्र इंग्रजी ‘नो’ ऐकला. दुखणं पित्ताशयाचं निघालं. डॉक्टरांनी पुन्हा हात लावला नसता तर त्या कागदावर भरवसा ठेवून पुढची तपासणी लांबली असती.

त्या दिवसापासून तिने शिकण्याची पद्धत बदलली. पुस्तकातले धडे चालू ठेवले, पण पेशंटच्या तोंडचे शब्द वेगळ्या वहीत उतरवू लागली. आपल्याकडे जसं ठणका, चमक, जळजळ, मुंग्या असं वेगवेगळं सांगतात, तसंच तिकडेही आहे. टोचल्यासारखं होतं तर ‘क्वूये’, जळजळतं तर ‘प्येचे’, खाज सुटते तर ‘स्फेंजी’. ‘ओद क्येदि?’ म्हणजे कधीपासून? एवढं कळलं तरी पेशंट मोकळा बोलू लागतो. आणि उत्तर मिळालं की ती तेच दुसऱ्या शब्दांत विचारते, चेहऱ्याकडे बघते, मगच लिहिते.

दुसरी गोष्ट मानाची. अनोळखी पेशंटला ‘तू’ म्हणायचं नाही. पुरुषाला ‘पान’ आणि बाईला ‘पानी’ म्हणायचं, आणि क्रियापद तृतीय पुरुषी. म्हणजे ‘बाई कोणती औषधं घेतात?’ असं त्या बाईंनाच विचारायचं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. आपल्याला मात्र तू, तुम्ही, आपण यांची सवय आहे, त्यामुळे हा भेद लवकर ध्यानात येतो.

मराठी मुलांना आणखीही सोय आहे. पोलिशमध्ये आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. विभक्ती सात आहेत. ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ असा बोलणाऱ्यानुसार फरकही आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च हे दोन्ही उच्चार तिकडे लागतात. व्याकरण अवघड आहे खरं, पण ते मराठीच्या आधाराने समजून घ्यावं. इंग्रजीवरून गेलं की घोटाळा होतो.

हे ऐकताना मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. डिप्लोमा करून नोकरीला लागलो आणि सीमेवरच्या कन्नड गावांत नेमणूक झाली. ‘कब्बु’ म्हणजे ऊस आणि ‘नीरु’ म्हणजे पाणी, एवढ्यावर निघालो होतो. एक वृद्ध शेतकरी उसाचा रोग सांगत होते, मी मान डोलावत होतो. कळलं काहीच नव्हतं. पुढच्या भेटीपर्यंत निम्मा फड वाळला होता. न कळता मान डोलावणं हा आम्हा शिकलेल्या लोकांचा दोष आहे. मुलीने तो वेळीच ओळखला, याचं कौतुक वाटतं.

तेव्हा ज्यांची मुलं परदेशी डॉक्टरकीला जाणार आहेत, त्यांनी फी आणि विमान-तिकिटाबरोबर भाषेचाही विचार करावा. जाण्याआधी सहा महिने रोज तासभर तिकडची भाषा शिकवावी, आणि पेशंटचं बोलणं कळलं नाही तर ‘कळलं नाही’ हे त्या भाषेत म्हणायला आधी शिकवावं, ही नम्र विनंती.