पॅरिसचे वार्तापत्र : काळोखासाठी कायदा

फ्रान्समध्ये बंद दुकानांच्या दर्शनी काचांमागील दिवे सामान्यतः रात्री एकपर्यंत मालवावे लागतात, तर कचेऱ्यांतील दिवे काम संपल्यावर तासाभरात विझवावे लागतात. २७ डिसेंबर २०१८ च्या सरकारी आदेशातील ही बंधने वीजबचतीसाठी आहेत, तशीच रात्री वावरणाऱ्या जिवांसाठीही आहेत. अंमलबजावणी मात्र सैल असून, पॅरिसमध्ये काही तरुण भिंतींवर चढून, अग्निशमन दलासाठी बाहेर उंचावर बसवलेले बटण दाबून दुकानांच्या पाट्या विझवत आले आहेत.

येथील नियोजनात ‘त्राम न्वार’, म्हणजे नदीकाठ, झुडपी कुंपणे आणि वने यांना जोडणारे काळोखाचे सलग पट्टे, ही संकल्पना रुजू लागली आहे. नाकावर नालेच्या आकाराची त्वचा असलेली लहान वटवाघळे उजळलेला रस्ता ओलांडणे टाळतात, त्यामुळे त्यांच्या वाटेवर दिव्यांची रांग उभी राहिली की पलीकडचे भक्ष्य त्यांना दुरावते. पिपिस्ट्रेल जातीची वटवाघळे मात्र त्याच दिव्यांभोवती शिकार करतात.

कीटक दिव्याभोवती का घिरट्या घालतात, याचे पटण्याजोगे उत्तर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले. आकाश जमिनीहून उजळ असते, म्हणून उडणारा कीटक पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतो. दिवा जवळ आला की तो त्याच्याकडे पाठ वळवतो, कलतो आणि घेऱ्यात अडकतो. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये दिवे लावलेल्या कुरणांत रात्रीच्या परागवाहक कीटकांच्या फुलांवरील भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या आणि एका काटेरी वनस्पतीची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो. दिवसाच्या मधमाश्या ही तूट भरून काढू शकल्या नाहीत.

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यास यातले बरेच परिचयाचे आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे पकडण्यासाठी तो प्रकाश सापळा लावतो आणि मित्रकीटक वाचावेत म्हणून रात्रीचे पहिले काही तासच तो चालू ठेवण्याचा सल्ला त्याला दिला जातो. शिवाराच्या कडेला रात्रभर जळणारा गावचा हायमास्ट दिवा असा कोणताही भेद करीत नाही. फ्रान्समधील हजारो गावे मध्यरात्रीच्या सुमारास पथदिवे बंद करतात. गोदाकाठच्या ग्रामपंचायतींना निदान शेतालगतच्या दिव्यांना झाकण आणि वेळेचे बटण बसवण्यास फार खर्च येणार नाही.