हाफकिन कोण रे भाऊ?

नाव बातम्यांतलं, माणूस मात्र अनोळखी!

ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यात १२ नवजात बाळं. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा, आणि त्यात एक नाव सारखं कानावर येत होतं... हाफकिन. ‘हाफकिनकडून औषधखरेदी झाली नाही’ असं एकीकडे, तर ‘औषधं कमी नव्हतीच’ असं दुसरीकडे.

नांदेड-लातूरच्या माझ्या दोस्तमंडळींना मी विचारलं, ‘‘हाफकिन म्हणजे काय?’’ एक म्हणाला, सरकारी खातं. दुसरी म्हणाली, औषधांची कंपनी. तिसऱ्याला पोलिओचे डोस आठवले. हा एक हाडामांसाचा माणूस होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. तर मंडळी, ही त्याची गोष्ट.

ओव्हरक्वालिफाइड ग्रंथपाल

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसातल्या ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती, त्यांनी साफ नकार दिला. मग देश सोडला. आधी जिनिव्हा, आणि १८८९ मध्ये पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. जॉब कुठला? सहायक ग्रंथपालाचा! कामातून वेळ मिळाला की स्वारी प्रयोगशाळेत. १८ जुलै १८९२ ला कॉलऱ्याची लस त्यांनी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी थेट भारत गाठला.

गंमत म्हणजे साथींशी लढणारा हा माणूस पेशाने डॉक्टर नव्हताच. इथल्या गोऱ्या डॉक्टरमंडळींपैकी काहींना ते चांगलंच खुपायचं.

आधी मी, मग तुम्ही

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पेशंट ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल. ऑफिस म्हणाल तर ग्रँट मेडिकल कॉलेजमधली जराशी जागा, स्टाफ म्हणाल तर एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर तीन महिन्यांत लस तयार! १० जानेवारी १८९७ ला पहिला डोस पुन्हा स्वतःलाच. ताप आला, अंग दुखलं, पण भागलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. ज्यांनी घेतली आणि ज्यांनी नाही, त्यांची तुलना झाली. फरक सरळ दिसला.

याच काळात पुण्यात रँडचे शिपाई घराघरांत घुसून झडत्या घेत होते. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. सरकारी माणसाचं नाव काढलं तरी लोक बिथरायचे. अशा वेळी हाफकिन यांचा फंडा एकच होता, सक्ती नको, आधी विश्वास कमवा. आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांचाही धीर वाढला.

एका बाटलीने घात केला

ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं, नोकरीतून निलंबन झालं. प्रत्यक्षात बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असं पुढे आलं. मलेरियावाले नोबेलविजेते रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्रं लिहिली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. करिअरची पाच वर्षं गेली ती गेलीच. १९२५ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

आपला काय संबंध?

भरपूर! प्लेग म्हणजे इतिहास, असं वाटत असेल तर १९९४ आठवा. लातूरच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले. पडक्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असा तेव्हा एक अंदाज होता. तोवर हाताशी अँटिबायोटिक्स होती, म्हणून निभावलं.

परळच्या संस्थेतून १९७५ मध्ये वेगळ्या झालेल्या सरकारी कंपनीकडे पुढे राज्याच्या औषधखरेदीचं काम आलं. २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमायचा कायदा झाला. पाटी बदलली, ठीक. पण मुल्कोवालला कामाचा प्रश्न ‘लस कुणाची’ हा नव्हता, ‘बाटली कुणी आणि कशी उघडली’ हा होता. त्याचं उत्तर गळी उतरायला पाच वर्षं लागली. नांदेडच्या त्या बारा आयांनाही असंच नेमकं उत्तर द्यायला हवं, आणि तेही लवकर.