शिट्टी माझी, घड्याळ कुणाचं?

२४ सेकंदांच्या नियमावर बास्केटबॉल शिकलेल्यांना नवल वाटेल, पण अमेरिकेत हायस्कूलच्या सामन्यांना शॉट क्लॉक सगळ्या राज्यांत सक्तीचं नाही. मी तिथं हायस्कूलचे सामने पंच म्हणून खेळवतो, त्यामुळे हा वाद दर हंगामात कानावर येतोच.

शॉट क्लॉक म्हणजे चेंडू ताब्यात आला की ठरलेल्या वेळात बास्केटकडे फेकायचा, आणि तो रिंगला तरी लागला पाहिजे. १९५० साली एनबीएचा एक सामना १९-१८ असा संपला, कारण एका संघानं चेंडू नुसता धरून ठेवला. १९५४ मध्ये तिथं २४ सेकंद आले. हायस्कूलचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संस्था ठरवते. २०२१ मध्ये देशभर सक्तीचा प्रस्ताव तिनं नाकारला. मात्र २०२२-२३ पासून ज्या राज्याला हवं त्यानं ३५ सेकंदांचं घड्याळ वापरावं, अशी मुभा दिली.

मला घड्याळ नको असं नाही. शेवटची दोन मिनिटं चेंडू इकडून तिकडे फिरवत बसलेला संघ बघणं हे पंचालाही कंटाळवाणंच. पण ते चालवणार कोण? बऱ्याचदा एखादे शिक्षक, नाहीतर खेळाडूचे वडील. एका सामन्यात चेंडू रिंगला न लागताच खाली आला, आक्रमक संघानंच तो पकडला आणि टेबलावरच्या गृहस्थांनी घड्याळ पुन्हा ३५ वर नेलं. माझे डोळे बास्केटखालच्या धक्काबुक्कीवर होते. लक्षात येऊन मी खेळ थांबवला, तेव्हा आधी किती सेकंद उरले होते हे कुणालाच सांगता येईना. दोन्ही प्रशिक्षक माझ्यावरच ओरडले. साहजिकच आहे, शिट्टी माझ्या गळ्यात होती.

याउलट २०२३-२४ चा बोनसचा बदल मला मनापासून पटला. पूर्वी अर्ध्या डावात संघाचे सात फाउल झाले की 'वन अँड वन' मिळायचं: पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा. पहिला हुकला की चेंडू लगेच खेळात, आणि रिबाउंडसाठी सगळे एकमेकांवर. रिबाउंडच्या वेळी दुखापती जास्त होतात, हेच कारण समितीनं पुढे केलं होतं. आता प्रत्येक क्वार्टरमध्ये पाचव्या फाउलपासून सरळ दोन फ्री थ्रो, आणि नव्या क्वार्टरला मोजणी शून्यावर. म्हणजे पहिल्या फेकीनंतर कुणी कुणावर चढत नाही. शिवाय 'सहावा की सातवा?' म्हणून टेबलाशी होणारी माझी हुज्जतही कमी झाली.

फाउल झाल्याचं नाटक करणाऱ्याला पूर्वी थेट टेक्निकल फाउल द्यावा लागे. शिक्षा एवढी मोठी की आम्ही बहुतेक जण काणाडोळा करायचो. २०२४-२५ पासून आधी संघाला ताकीद, मग टेक्निकल. ताकीद द्यायला हात आखडत नाही.

उरलेल्या राज्यांत घड्याळाचा प्रस्ताव पुन्हा येईल तेव्हा यंत्राच्या किमतीइतकीच ते चालवणाऱ्याच्या शिकवणीवर चर्चा व्हावी, एवढी माझी मागणी आहे. तोपर्यंत सामन्याआधी पाच मिनिटं मी टेबलापाशी जाऊन उभा राहतो. "रिंगला लागला तरच नवे ३५. शंका आली तर हात लावू नका, माझ्याकडे बघा."