गोल्फमधला रिलीफ आणि कार्डाच्या मागच्या ओळी



मुंबईत होतो तोवर गोल्फ म्हणजे चेंबूरच्या मैदानाच्या कुंपणाबाहेरून बघायची गोष्ट. आपला खेळ क्रिकेट, फार तर कॅरम. इथं इस्राएलात आल्यावर सारी वर्षं नोकरीत गेली, आणि पेन्शन सुरू झालं तेव्हा जावयाने हातात काठी दिली. "पप्पा, घरात बसून गुडघे धरतील, चला." पुढं साडूंना मीच ओढून नेलं. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे, मी त्यांना भाऊ म्हणतो. ह्याच खेळातल्या एका नियमावरून आम्ही दोघे तीन महिने एकमेकांशी बोललो नाही. आपल्यातले काही निवृत्त लोक हल्ली खेळू लागले आहेत, काहींची नातवंडं खेळतात. आमच्यासारखं त्यांचं होऊ नये म्हणून लिहितो.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की चेंडू कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा. आणि मूळ नियम एकच: चेंडू जिथं पडला तिथूनच खेळायचा. हाताने उचलायचा नाही, सरकवायचा नाही. पण मैदानात माणसाने केलेल्या वस्तू असतात, गाडीचा सिमेंटचा रस्ता, पाण्याच्या नळाचं झाकण. पावसाचं पाणी साचतं, जनावरं बिळं करतात, कुठं दुरुस्तीसाठी खणलेलं असतं. अशा ठिकाणी चेंडू पडला, किंवा आपले पाय नाहीतर काठीचा झोका तिथं अडत असला, तर चेंडू उचलून दुसरीकडे टाकायची परवानगी मिळते. ह्याला रिलीफ म्हणतात, आणि वरच्या सगळ्या बाबतींत तो फुकट असतो, दंड नाही.

आता लोक चुकतात ते इथं. रिलीफ म्हणजे चांगली जागा मिळणं नव्हे. नियम तुम्हाला रस्त्यापासून सोडवतो, बस्स. आधी अशी सगळ्यांत जवळची जागा शोधायची की जिथं चेंडू, पाय आणि झोका तिन्ही त्या अडथळ्यापासून मोकळे होतील, आणि ती जागा भोकाच्या जवळ जाणारी नसेल. ती झुडपात निघाली तर झुडपात. तिथून एक क्लबभर अंतर मोजायचं, आपल्या पिशवीतल्या सर्वांत लांब काठीने (पटर सोडून), आणि त्या टापूत चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. टापूबाहेर घरंगळला तर परत एकदा सोडायचा. पुन्हा गेला तर दुसऱ्या वेळी जिथं टेकला तिथं ठेवायचा. गुडघ्यावरून सोडायची पद्धत २०१९ पासूनची. त्याआधी हात लांब करून खांद्याच्या उंचीवरून सोडत, आणि १९८४ च्या आधी तर भोकाकडे तोंड करून खांद्यावरून मागं टाकत!

उजव्या हाताने खेळणारा माणूस चेंडूच्या डाव्या बाजूला उभा राहतो. म्हणून चेंडू रस्त्याच्या मधोमध असेल तर त्याची जवळची जागा बहुतेक वेळा रस्त्याच्या डावीकडे निघते, कारण उजवीकडे जायचं तर पायसुद्धा रस्त्याबाहेर काढावे लागतात आणि चेंडू आणखी लांब जातो. हे मी पुस्तकात वाचून पाठ केलं होतं. भाऊंचं वाचन कमी, हात चांगला.

तर झालं असं. क्लबातल्या म्हाताऱ्यांची छोटी स्पर्धा. क्लबाचं नाव नको, त्यांची काही चूक नव्हती. पंधराव्या होलवर भाऊंचा चेंडू गाडीच्या रस्त्यावर, मध्यापासून जरासा डावीकडे थांबला. रस्त्याला लागून डावीकडे पाण्याची पाइप घालायला खणलेलं होतं, माती नि दगड, भोवती पांढरी रेघ. भाऊंनी तिकडे नुसतं बघितलं आणि सरळ उजवीकडच्या गवतात चेंडू टाकला, मारला, छान गेला.

मी म्हणालो, "भाऊ, हे चुकलं. जवळची जागा डावीकडे."

"अरे, तिथं खड्डा आहे, दिसत नाही का तुला?"

"खड्डा असेना. आधी डावीकडे टाकायचा. मग तो दुरुस्तीच्या जागेत पडला तर त्याचा रिलीफ वेगळा घ्यायचा. तुम्ही चुकीच्या जागेवरून खेळलात, दोन फटके दंड."

दोन फटके खरे, चुकीच्या जागेवरून खेळलं की तेवढाच दंड असतो. भाऊ तापले. शराव सुटलेला, डोकी आधीच गरम. "लिही बाबा, तुला कपच पाहिजे ना!" असं म्हणून त्यांनी स्वतःच कार्डावर दोन वाढवले, सही केली आणि कार्ड देऊन टाकलं. मी एका फटक्याने जिंकलो.

आठवड्याने सेक्रेटरीबाईंना मी सहज ही गोष्ट सांगितली, माझं ज्ञान दाखवायला म्हणाना. त्यांनी काही न बोलता स्कोअरकार्ड उलटं करून समोर धरलं. मागे बारीक अक्षरात स्थानिक नियम छापलेले. त्यातली एक ओळ: पांढऱ्या रेघेची दुरुस्तीची जागा रस्त्याला लागून असेल, तर ती जागा आणि रस्ता मिळून एकच अडथळा धरावा.

दोन्ही एकच धरले की डावीकडे रस्ता अधिक खणलेला पट्टा, सगळं ओलांडून जावं लागतं. मग जवळची जागा उजवीकडे येते. म्हणजे भाऊंनी टाकला होता तिथंच. ही ओळ असते ती याचसाठी, की माणूस रस्त्यावरून खड्ड्यात आणि खड्ड्यातून परत रस्त्यावर असा फिरत बसू नये. स्थानिक नियम क्लबाची कमिटी करते, पण मनाला येईल तसे नाही. सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए मिळून नियम ठरवतात आणि असे नमुन्याचे स्थानिक नियमही देतात. त्यांतले कुठले लावायचे ते कमिटी बघते. म्हणून एका मैदानावर जे चालतं ते दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

मी विचारलं, "मग भाऊंचे दोन फटके परत?" नाही. खरे झाले त्यापेक्षा जास्त फटके लिहून सही करून कार्ड दिलं, तर तो जास्तीचाच आकडा कायम राहतो. कप माझ्याकडेच राहिला. त्याच महिन्यात घरातल्या पुतण्याची मेंदी होती. भाऊ हॉलच्या एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. बायकोने दोनदा खूण केली, मी उठलो नाही.

करायला काय हवं होतं ते सांगतो. फटके मोजून खेळायच्या स्पर्धेत शंका आली, तर पुढचा फटका मारायच्या आधी सोबत्याला सांगायचं, "मी दोन चेंडू खेळतो, आणि ह्यातला अमका चेंडू नियमात बसला तर तो धरा." होल दोन्ही चेंडूंनी संपवायचं आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सगळं सांगायचं. दोन्हींचा आकडा एकच आला तरी सांगायचं, नाहीतर स्पर्धेतून बाद. पाच मिनिटांचं काम. आम्ही दोघांनी त्याऐवजी बालागान केलं.

आपल्या वयाला सोईचा दुसरा एक स्थानिक नियम सांगून ठेवतो. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात. हरवला तर एक फटका दंड घेऊन जिथून मारला तिथं परत चालत जायचं. उन्हात ही चाल आपल्याला परवडत नाही. २०१९ पासून क्लबांना असा नियम लावता येतो, की दोन फटके दंड घ्या आणि चेंडू हरवला त्याच्या जवळपास, अगदी फेअरवेच्या कडेलाही टाका. पण कार्डावर लिहिलेलं असेल तरच. नसेल आणि चेंडू हरवल्यासारखा वाटला, तर पुढं जायच्या आधीच "प्रोव्हिजनल" असं स्पष्ट बोलून दुसरा मारून ठेवावा.

पाण्याच्या जागेला लाल किंवा पिवळे खुंट असतात. तिथला रिलीफ फुकट नाही, एक फटका लागतो. लाल असेल तर चेंडू आत शिरला तिथून दोन क्लबभर अंतरात बाजूला टाकता येतो. पिवळ्याला ही सोय नाही, मागंच जावं लागतं. आणि एक गंमत बघा. चेंडूजवळ साप किंवा मधमाश्या असल्या तर फुकट रिलीफ, पण सबराच्या काट्यांत गेला तर नाही. वनस्पती आहे ती, जनावर नव्हे!

स्थानिक नियम हसण्यावारी नेऊ नका. १९४० साली लंडनजवळच्या रिचमंड क्लबावर जर्मन बाँब पडत होते, तेव्हा त्यांनी तात्पुरते नियम छापले. गवत कापायच्या यंत्राला लागू नयेत म्हणून तुकडे उचलावेत, भडिमार चालू असताना आडोशाला गेलं तर दंड नाही, शत्रूने चेंडू हलवला तर परत ठेवावा. मात्र मारतेवेळी स्फोट होऊन फटका बिघडला तर दुसरा चेंडू मारता येईल, पण एक फटका दंड! सायरन ऐकून जिन्याखाली गेलेल्या आपल्या मंडळींना ह्याचं हसू येईल आणि पटेलही.

ही रिचमंडची गोष्ट मी साडवीला फोनवर वाचून दाखवली. भाऊ शेजारी ऐकत होते हे मला माहीत होतं. मागून आवाज आला, "त्याला विचार, खणलेल्या खड्ड्याबद्दल त्यात काय लिहिलंय?" मी म्हटलं, "भाऊ, खड्ड्याबद्दल आपल्याच कार्डावर लिहिलंय. तुमचं बरोबर होतं." कप घेऊन गेलो तर घेतला नाही. तो आता त्यांच्या नातीच्या रंगीत पेन्सिली ठेवायला आहे, तिने मागितला म्हणून.

आता पहिल्या टीवर आम्ही दोघे चष्मे लावतो, कार्ड उलटं करतो, आणि भाऊ मोठ्याने वाचतात. मागची चौकडी तेवढा वेळ थांबते.