पॉलिसी मोडण्यापूर्वी
परवा पुतण्या आला. “काका, विम्याची पॉलिसी मोडतोय. मुलीची फी भरायचीय.”

म्हटलं, आधी बॉण्ड दाखव. सात वर्षं हप्ते भरलेले. आता मोडली तर सरेंडर व्हॅल्यू बहुधा भरल्यापेक्षा कमीच मिळणार, आणि विम्याचं छत्रही जाणार. पुढे नवा विमा घ्यायचा तर वय वाढलेलं, हप्ताही वाढलेला. त्यापेक्षा त्याच पॉलिसीवर कर्ज काढ. व्याज मात्र वेळेवर भर. हप्ताच झेपेना तर ‘पेड-अप’ कर. विम्याची रक्कम घटते, पण पॉलिसी उरते.

१९९१ साली, बँकेत असूनही, मी माझी मोडली होती. सौ.ला न विचारता.

“सूनबाईंना सांगितलंस?”

तो गप्प. बॉण्डवर नॉमिनी म्हणून तिचंच नाव होतं.