गाडी नवी, गाणी मात्र आपलीच!

बंगळुरूत मोटार चालवणे म्हणजे निम्मा वेळ मोटारीत नुसते बसून राहणे! टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीनुसार या शहरात १० किलोमीटर अंतर कापायला सरासरी ३४ मिनिटे लागत होती. जगातल्या सर्वांत संथ शहरांत त्या वर्षी बंगळुरूचा क्रमांक तिसरा लागला. पुणेकरांनी मात्र हसू नये, कारण चौथा क्रमांक पुण्याचाच होता.

अशा वेळी सोबतीला गाणे हवेच. देशातले पहिले खासगी एफएम रेडिओ केंद्र ३ जुलै २००१ रोजी याच शहरात सुरू झाले. पण रेडिओवर लागेल ते ऐकायचे आणि आपल्याला हवे ते ऐकायचे यांत फरक आहेच. मल्लेश्वरम्‌पासून व्हाइटफील्डपर्यंत विखुरलेल्या मराठी घरांना तो विशेष जाणवतो. कुणाचे आजोबा एचएएल किंवा एचएमटीच्या नोकरीसाठी इथे आले, कुणाची मुलगी संगणकाच्या कंपनीत रुजू झाली. त्यांच्या सामानाबरोबर नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या कॅसेट्सही आल्या. पुढे सीडी आल्या, मग संगणकात साठवलेली गाणी. घरात असा खजिना असतो; पण नव्या गाडीत बसल्यावर तो वाजवायचा कसा, हा प्रश्न उभा राहतो.

खाच गेली, खिडकी आली

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये जगासमोर आणली, सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. मारुती ८०० च्या जमान्यात गाडी घेतली की बंगळुरूकर जे. सी. रोडवर जाऊन कॅसेट प्लेअर बसवून घेत. आता बहुतेक नव्या गाड्यांत कॅसेटची खाच नाही आणि सीडीचीही नाही. त्या जागी मोठा पडदा आहे. गाणी त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे मुख्य मार्ग तीन: यूएसबीच्या खाचेत लावलेला पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ, किंवा फोन गाडीला जोडून चालणारी अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले यांसारखी सोय.

साहजिकच तरुण मंडळी म्हणतात, ‘‘हवंय कशाला ते सगळं? फोनवर मिळतंच की!’’ बरेचसे मिळते, हे खरे. पण ते आपले नसते. गुगल प्ले म्युझिक या सेवेत लोकांनी स्वतःची हजारो गाणी चढवून ठेवली होती. ती सेवा २०२० मध्ये बंद झाली. विंक म्युझिक २०२४ मध्ये गुंडाळले गेले. २०२३ मध्ये करार न जुळल्याने झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी दिसेनाशी झाली. भाड्याच्या घरात मालकाची मर्जी सांभाळावी लागते, तसेच हे.

शिवाय काही गोष्टी कोणत्याच कंपनीकडे नसतात. रेडिओवरून टेप करून ठेवलेली मैफल, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, मुंजीत आत्याने म्हटलेले गाणे, नातवाचे पहिले बोबडे बोल या सगळ्यांची जगात एकच प्रत असते. ती आपल्या माळ्यावरच्या खोक्यात आहे आणि दरवर्षी थोडी थोडी पुसट होते आहे.

कॅसेटमधून पेन ड्राइव्हमध्ये

हे काम घरच्या घरी करता येते. चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर, एक साधी वायर आणि संगणक एवढे पुरे. प्लेअरच्या हेडफोनच्या खाचेतून आवाज संगणकात घ्यायचा आणि ‘ऑडॅसिटी’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने तो साठवायचा. संगणकाला आवाज आत घेणारी खाच नसेल तर यूएसबीला जोडायचे छोटे साधन मिळते. बंगळुरूत अशा वस्तूंसाठी एस. पी. रोडवर एक फेरी मारली की काम होते.

जुनी कॅसेट थेट वाजवू नये. आधी ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. प्लेअरचे हेड कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट जाणकाराकडेच द्यावी. घाई मात्र चालत नाही, कारण ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला ६० मिनिटेच लागतात. म्हणून रविवारी दोन, असा नेम ठेवावा. सुरुवात बाजारी कॅसेट्सनी न करता घरच्या आवाजांनी करावी. बाजारातली गाणी दुसरीकडे मिळू शकतील, आजीच्या ओव्या नाही.

उतरवलेल्या आवाजाची मूळ प्रत ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ या प्रकारात ठेवावी, त्यांत आवाजाचा काहीही भाग गाळला जात नाही. गाडीसाठी तिच्यावरून एमपी३ प्रत काढावी. १९२ केबीपीएस या दर्जाने एका तासाला सुमारे ८६ एमबी लागतात. म्हणजे तासाभराच्या शंभर कॅसेट्स जेमतेम ९ जीबीत मावतात आणि ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये साडेतीनशे तासांहून अधिक संगीत बसते!

रामजन्माआधी वनवास

पेन ड्राइव्ह लावला आणि गाडी गप्पच राहिली, असे पुष्कळदा होते. अशा वेळी आधी खाच तपासावी. काही खाचा फक्त फोन चार्ज करण्यापुरत्या असतात. दुसरे कारण पेन ड्राइव्हच्या मांडणीचे. पुष्कळ गाड्यांना ‘फॅट ३२’ ही मांडणी समजते, काहींना ‘एक्सफॅट’ही चालते, ‘एनटीएफएस’ मात्र बऱ्याच गाड्या वाचत नाहीत. मांडणी बदलताना ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, म्हणून आधी प्रत काढावी. तिसरे कारण फाइलचा प्रकार. एमपी३ जवळपास सगळीकडे चालते, फ्लॅकसाठी गाडीची पुस्तिका पाहावी.

पुढचा घोटाळा क्रमाचा. ‘गीतरामायण’च घ्या. ग. दि. माडगूळकरांची आणि सुधीर फडक्यांची ही ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडे प्रसारित झाली. त्यांच्यात कथेचा धागा आहे. पण गाडीचे यंत्र नावांच्या अक्षरक्रमाने गाणी लावू लागले की रामजन्माच्या आधीच वनवास घडतो! म्हणून प्रत्येक नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत. पुढचे शून्य विसरू नये, नाहीतर काही यंत्रांत १ नंतर थेट १० वाजते. गाण्याच्या फाइलच्या पोटात गायक, संग्रह आणि क्रमांक यांची जी नोंद असते, तीही ऑडॅसिटीत भरता येते. देवनागरीत लिहिलेली नावे पडद्यावर नुसते चौकोन होऊन दिसत असतील, तर ती रोमन लिपीत लिहावीत.

फोल्डर माणसांप्रमाणे करावेत: आजोबांचे, आईचे, मुलांचे. मुलांच्या फोल्डरमध्ये कन्नड गाणी असणारच आणि ती असावीतही. पंडित भीमसेन जोशींनी मराठी ‘संतवाणी’ गायिली तशीच कन्नड ‘दासवाणी’ही गायिली. ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवली तर बंगळुरूच्या मराठी घराचे चित्र पुरे होते.

रस्ताच गाणारा

दिवाळीत किंवा मे महिन्यात बंगळुरूहून पुण्याकडे निघालेल्या कुटुंबापुढे सुमारे साडेआठशे किलोमीटरचा रस्ता असतो. तो रस्ताही गाण्याचाच. हुबळीत गंगुबाई हनगल राहत. जवळच सवाई गंधर्वांचे कुंदगोळ, पूर्वेला भीमसेनांचा गदग जिल्हा. धारवाड आले की मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. बेळगावजवळचे सुळेभावी हे कुमार गंधर्वांचे जन्मगाव. त्या त्या गावाशी त्या त्या गायकाचा आवाज लावून ठेवला, तर मागच्या सीटवरच्या मुलांना न कंटाळता बरेच काही कळते. नेटवर्क असो वा नसो, पेन ड्राइव्ह गातच राहतो.

काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. गाणी बदलण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे, चालकाने पडद्याशी खेळू नये. आवाज इतकाच ठेवावा की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर सीडी किंवा पेन ड्राइव्ह ठेवू नये. आपण विकत घेतलेल्या संगीताची प्रत घरच्यांपुरती असावी. तिच्या प्रती काढून विकणे वा वाटणे हा कायद्याने गुन्हा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडीतला पेन ड्राइव्ह ही एकमेव प्रत कधीच असू नये. तो हरवतो, बिघडतो, गाडी विकताना तिच्यातच राहून जातो. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि एक कोल्हापूरच्या काकांकडे किंवा पुण्याच्या बहिणीकडे द्यावी. घरच्या आवाजांच्या बाबतीत तर हे आवर्जून करावे. ते आवाज जितके आपले तितकेच त्यांचेही आहेत, आणि कदाचित त्यांच्याही माळ्यावर असेच एखादे खोके पडून असेल.